हरकतीची कुळकथा

जामखेड तालुक्यातल्या एका गावात पारावर मतदार यादीचं वाचन चाललं होतं. अंगणवाडीच्या मॅडमकडे बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम. त्या एकेक नाव वाचत होत्या, लोक ‘आहे’, ‘लेक नांदायला गेली’, ‘पुण्याला असतो’ असं सांगत होते. एका नावावर सगळेच गप्प झाले. शेवटी समोर बसलेले तात्या म्हणाले, “मॅडम, अण्णा जाऊन दोन वर्षं झाली.”

“मग तात्या, तुम्हाला हरकत घ्यावी लागंल. नमुना सात भरा.”

“हरकत? सख्ख्या भावावर? न्हाई बाई. आमची काय हरकत न्हाई.”

मॅडमनी खूप समजावलं, पण तात्यांच्या कानाला तो शब्द बोचला तो बोचलाच. मला तात्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. आपण दिवसभर ‘हरकत नाही’ म्हणतो. चहा उशिरा आला, हरकत नाही. पाहुणा न सांगता आला, हरकत नाही. या शब्दाला आपण ‘नाही’ची जोड इतकी घट्ट लावली आहे, की ‘हरकत आहे’ म्हणणं भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. आणि कायदा तर हेच म्हणायला सांगतो.

हा शब्द मुळात अरबी. तिकडे ‘हरकत’ म्हणजे हालचाल, गती. अरबी अक्षरांवर स्वर दाखवणाऱ्या ज्या खुणा असतात त्यांनाही हरकतच म्हणतात; त्यांच्यामुळे स्थिर व्यंजन हलतं, बोलायला लागतं. फारसीच्या वाटेने शब्द इकडे आला आणि प्रत्येक भाषेत वेगळ्या घरी नांदला. हिंदीत त्याचा चाळा झाला, खोडी झाली. आपल्या गवयांनी त्याचा मूळचा डौल जपला: सुरावरून सूर झटकन हलवून घेतलेली जागा म्हणजे हरकत. बोलीतल्या आणि कागदोपत्री मराठीत मात्र हालचालीचा अडथळा झाला. वतनाचा उपभोग निर्वेध चालू द्यावा, त्यात कुणी हरकत करू नये, अशा अर्थाने तो राज्यकारभारात रुळला. तेव्हा हरकत करणारा असायचा अंमलदार किंवा भाऊबंद, आणि ती होऊ नये म्हणून रयत सरकारकडे धाव घ्यायची. पुढे तीच हरकत रयतेच्या हातात आली. या शब्दाचा खरा प्रवास तो आहे.

शेजारचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘तक्रार’ही अरबी, अर्थ पुन्हापुन्हा सांगणं, एकदा सांगून कुणी ऐकत नाही, हा सगळ्या मुलखांचा अनुभव त्यात साठला आहे. ‘फिर्याद’ फारसी, म्हणजे आक्रोश. ‘दाद’ही फारसी, म्हणजे न्याय, म्हणून ती मागायची असते. ‘अर्ज’ म्हणजे समोर मांडणं. मराठेशाहीच्या न्यायाच्या कागदांत ‘तकरीर’ येते, पक्षकाराने दिलेली जबानी. ती तक्रारीसारखी ऐकू येते, पण तिचं कूळ वेगळं. हे सगळे शब्द वरच्याकडे पाहून बोलायचे. कुणीतरी गादीवर बसलेला आहे आणि आपण खाली उभे आहोत, असं चित्र त्यांत गृहीत धरलेलं आहे.

ते चित्र वाईटच होतं असं नाही. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई महेश्वरला रोज दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, असं ब्रिटिश अधिकारी माल्कमने माळव्याच्या इतिहासात नोंदवलं आहे. आज जिल्ह्याला त्यांचंच नाव आहे. पण त्या ऐकत, कारण त्या तशा होत्या. ऐकून घेणं हा त्यांचा धर्म होता. रयतेचा तो लेखी हक्क नव्हता. गादीवर दुसरं कुणी बसलं की गाऱ्हाणं पुन्हा दाराबाहेर.

लेखी हक्काची गोष्ट सुरू होते दूर इंग्लंडात, १८३२ साली. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने मतदारांची नोंदवही ठेवण्याची पद्धत घातली. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, अधिकाऱ्यांनी याद्या करायच्या आणि चर्चच्या दारावर चिकटवायच्या. ज्याचं नाव सुटलं त्याने दावा सांगायचा. दुसऱ्याचं नाव चुकीने आलं असं वाटेल त्याने हरकत घ्यायची. मग फिरता बॅरिस्टर गावात येऊन दोन्ही बाजू ऐकणार. नाव नोंदवायला एक शिलिंग. दावा आणि हरकत ही जोडी इथली. आज आपल्या निवडणूक कार्यालयाच्या फलकावर ‘दावे व हरकती’ असं लिहिलेलं असतं, ते या चर्चच्या दारावरून उतरलेलं आहे.

ही जोडी सरळमार्गी राहिली नाही, हेही सांगायला हवं. यादी हाती आली की निवडणूक अर्धी जिंकली, हे पक्षांना लगेच उमगलं. १८४० च्या दशकात धान्यावरच्या जकातीविरुद्ध लढणाऱ्या कॉब्डेनच्या संघटनेने विरोधी मतदारांवर टपालाने हरकतींचा पाऊस पाडला. हरकत आली की ज्याच्यावर ती आली त्याने कामधंदा टाकून सुनावणीला जायचं. गेला नाही तर नाव कटलं. तेव्हापासून हरकतीला दोन धारा आहेत: एकीने मेलेल्याचं नाव निघतं, दुसरीने जिवंताचं. पुढचे सगळे नियम दुसरी धार बोथट करण्यासाठी घडत गेले.

आपल्याकडे ही रीत स्थानिक स्वराज्य संस्थांबरोबर आली. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं झाली. पण मत होतं जमीनवाल्याला, करदात्याला. पाटलाच्या, सावकाराच्या वाड्यातली ती यादी. बाकी गावाने ती पाहण्याचं कारणच नव्हतं.

गोष्ट खरी बदलली १९४८ मध्ये. राज्यघटना अजून लिहून व्हायची होती, निवडणूक आयोग नव्हता, आणि घटना समितीच्या सचिवालयाने मार्च १९४८ मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना कळवलं, की प्रत्येक प्रौढाचं नाव लिहायला घ्या. ओर्निट शनी या अभ्यासक बाईंनी त्या काळची दप्तरं चाळून या कामावर २०१८ साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं ते असं, की देशभरातून लोक थेट दिल्लीला पत्रं लिहीत होते. फाळणीतून आलेले निर्वासित लिहीत होते: इथे १८० दिवस राहिल्याचा पुरावा कुठून आणू? त्यांच्यासाठी मग नियम सैल झाला; ‘इथेच राहणार आहे’ एवढं निवेदन पुरे धरलं गेलं. आसामातून लिहीत होते, की आम्हाला परके ठरवून वगळतात. ही माणसं अजून मतदारही झाली नव्हती, पण आपलं नाव कुठे अडलं हे ती शासनाला ठणकावून विचारत होती. सचिवालय त्यांना उत्तरं देत होतं, आणि उत्तर देता देता नियम घडत होते.

१५ जून १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. आधीच्या मसुद्यात प्रांतांसाठी वेगवेगळे आयोग होते. आता सगळ्या देशाला एकच आयोग असावा असं ते म्हणाले. कारण त्यांनी उघड सांगितलं: काही प्रांतांत, जे लोक तिथल्या बहुसंख्यांच्या वंशाचे, संस्कृतीचे वा भाषेचे नाहीत त्यांना यादीबाहेर ठेवलं जातं आहे. आज ज्याला अनुच्छेद ३२४ म्हणतात त्याच्या मुळाशी ही पत्रं आहेत. आयोगाकडे तक्रार करायची सोय आयोगाने केली असं आपण समजतो. प्रत्यक्षात तक्रारी आधी आल्या आणि आयोगाला त्यांच्यामुळे आजचं रूप मिळालं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, आणि याची खंत वाटते.

तरीही पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश या भागांत त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच लिहिलं होतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की नाव स्वतःचंच हवं. निर्णय कडक होता आणि त्याची किंमत त्या बायकांनी भरली. दावा सांगायलाही आधी स्वतःचं नाव उच्चारावं लागतं.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६० चे मतदार नोंदणी नियम यांनी सगळं कागदावर आणलं. नमुना सहा म्हणजे दावा, नमुना सात म्हणजे हरकत, नमुना आठ म्हणजे दुरुस्ती. नमुना सात हातात घेऊन नीट पाहावा. कारणं छापलेली आहेत: मृत्यू, वय कमी, कायमचं स्थलांतर, दुबार नाव, भारताचा नागरिक नसणं. हरकत घेणाऱ्याचं स्वतःचं नाव त्या यादीत हवं. परक्या मतदारसंघातल्याला इथे बोलता येत नाही. सगळ्यात खाली प्रतिज्ञापन आणि सही. खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आलेल्या हरकतींची यादी भिंतीवर लागते आणि ज्याच्यावर हरकत आहे त्याला नोटीस जाते. १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की एकदा यादीत आलेलं नाव माणसाला ऐकून घेतल्याशिवाय काढता येणार नाही. राजकीय पक्षाच्या बूथ प्रतिनिधीलाही दिवसाला दहाच अर्ज देता येतात. कॉब्डेनच्या टपालावरचा हा उतारा.

मतदान केंद्रात हरकतीचं आणखी एक धाकटं भावंड आहे. आत आलेला माणूस तो नव्हेच, असं उमेदवाराच्या प्रतिनिधीला वाटलं तर त्याने दोन रुपये केंद्राध्यक्षांकडे ठेवायचे आणि आक्षेप नोंदवायचा. आक्षेप खरा ठरला किंवा निदान प्रामाणिकपणे घेतलेला दिसला तर पैसे परत. उगाच घेतला असेल तर जप्त. १९६१ च्या नियमांतले ते दोन रुपये आजही दोनच आहेत. बाकी मग मतदारांच्या चौकशीसाठी १९५० हा फोन नंबर आला आणि २०१८ पासून सी-व्हिजिल हे ॲप आलं, ज्यात फोटो काढून पाठवला की शंभर मिनिटांत काय झालं ते कळवायचं असतं. ती सोय आचारसंहिता मोडण्यापुरती आहे. यादीतल्या नावासाठी नमुन्यांची वाट अजून तीच, फक्त आता ते ऑनलाइनही भरता येतात.

आता जामखेडकडे परत येतो, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे. प्रारूप यादी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागते, हरकती डिसेंबरपर्यंत घेतात, अंतिम यादी जानेवारीत. आणि याच दिवसांत या भागातली माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. दिवाळीच्या आसपास मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येतो, उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, संसार बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात. फडाशेजारच्या कोपीत राहतात. परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. घराला कुलूप.

अशा घरावर कुणी ‘कायमचं स्थलांतर’ म्हणून हरकत घेतली तर? कायदा त्यांच्या बाजूचा आहे. १९५० च्या कायद्याचं २० वं कलम स्पष्ट सांगतं, की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणूस गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. त्याच कलमाची दुसरी बाजू अशी, की नुसतं गावात घर आहे म्हणूनही कुणी रहिवासी ठरत नाही. शहरात कायमचा गेलेला आणि निवडणुकीपुरता येणारा यात सापडतो. पण कायदा बाजूने असून सुनावणीला कोण जाणार? नोटीस हाती देता आली नाही तर दारावर चिकटवता येते. १८३२ ला चर्चचं दार होतं, तिथे रविवारी सगळा गाव यायचा. इथे कुलूप लावलेल्या दारावर ती नोटीस वाऱ्याने फडफडते, आणि जिच्या नावाची ती आहे ती बाई दोनशे किलोमीटरवर मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढत असते.

एकेका नावाने काय होतं, हे या मतदारसंघाला सांगायला नको. २०२४ च्या विधानसभेला कर्जत-जामखेडचा निकाल १,२४३ मतांनी लागला.

आणखी एक गैरसमज दरवेळी माणसांना हेलपाटे घालायला लावतो. नगरपरिषदेच्या निवडणुकीआधी ‘हरकती व सूचना’ मागवतात तेव्हा लोक नवीन नाव घालायला जातात. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करतच नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. त्यामुळे तिथे फक्त चुकीचा प्रभाग, लेखनिकाच्या चुका, विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलेलं नाव एवढंच दुरुस्त होतं. नवीन नाव घालणं किंवा मयताचं नाव वगळणं, दोन्हीसाठी विधानसभेच्या यादीचाच नमुना भरावा लागतो. नवीन मतदाराचं वय मोजायला २०२२ पासून वर्षात चार अर्हता तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांची पहिली तारीख. कोयत्यावर जाणाऱ्यांना एप्रिल आणि जुलै सोयीचे. ग्रामसभेत यादी वाचायची तर ती गुढीपाडव्यानंतर, गाव भरलेलं असताना वाचावी, ही माझी सूचना आहे आणि ती मी लेखी दिली आहे.

तात्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मॅडमनी शेवटी शब्दच बदलला. म्हणाल्या, “हरकत नका म्हणू तात्या. अण्णांच्या नावावर दुसरं कुणी मत टाकू नये, एवढं लिहून द्या.” तात्या थोडा वेळ बसून राहिले. मग पोराकडून मृत्यूचा दाखला मागवला, चष्मा पुसला आणि ‘कारण’ या रकान्यात मृत्यूपुढे खूण केली. सही सावकाश केली. मॅडमनी खालचा तुकडा फाडून पोच दिली. तात्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत अण्णांच्या दाखल्याला लावून ठेवली.