प्रोपेलरचा पाण्याखालचा आवाज : पूर्वअंदाज

जहाजाचा किंवा मोटारबोटीचा पंखा पाण्यात किती आणि कोणत्या कंप्रतेचा आवाज करील, हे गणिताने वा प्रतिकृतीच्या चाचणीने आधीच ठरवण्याचे शास्त्र. पाणबुडीसाठी हा जिवाचा प्रश्न. व्यापारी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2014 मध्ये हा आवाज कमी करण्याची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे काढली व 2023 मध्ये ती सुधारली. देवमाशांसारख्या, आवाजावरच जगणाऱ्या प्राण्यांसाठी हे पाऊल फार गरजेचे होते.

या आवाजाचा एक भाग हिशेबाला सोपा आहे. सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांना पात्यांच्या संख्येने गुणले की मूळ सूर मिळतो. मिनिटाला 100 फेऱ्या घेणारा जहाजाचा पाच पात्यांचा पंखा सुमारे 8 हर्ट्झचा सूर देतो; 1500 फेऱ्यांवरचा बोटीचा तीन पात्यांचा पंखा 75 हर्ट्झचा.

अवघड भाग कॅव्हिटेशनचा. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळते, वाफेचे बुडबुडे धरतात आणि जास्त दाबात शिरताच फुटतात. लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये या फुटण्याचे गणित मांडले. बुडबुडा कधी धरेल हे पाण्यावरचा दाब, पात्याचा वेग आणि जहाजाच्या बुडामागून येणारा विस्कळीत प्रवाह यांवर ठरते. अंदाज चुकतो तो बहुधा या प्रवाहापाशी. म्हणून विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत कॅव्हिटेशन टनेल, म्हणजे वाहत्या पाण्यात पंख्याची प्रतिकृती तपासण्याचा बोगदा, आहे. प्रतिकृती लहान, तिच्यावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग कमी; त्यामुळे तिथे पाण्यावरचा दाबही त्या प्रमाणात उतरवावा लागतो.

टनेलमध्ये मुद्दाम उतरवावा लागणारा हा दाब पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत निसर्गतःच थोडा उतरलेला आहे. भाटघर आणि पानशेतचे जलाशय समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे 7 टक्के कमी असल्याने तोच पंखा किंचित कमी फेऱ्यांवरच बुडबुडे धरू लागतो.

याहून मोठा फरक पाण्याच्या खोलीने पडतो. भाटघर धरण वेळवंडी नदीवर, 1928 चे. पावसाळ्याअखेर ते भरते आणि मे महिन्यात इतके खाली जाते की एरवी बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. बोट तरंगती असल्याने पंखा पृष्ठभागापासून तितकाच खोल राहतो, म्हणजे कॅव्हिटेशन तेवढेच होते. पण ध्वनीची वाट बदलते. कठीण तळावरच्या 20 मीटर पाण्यातून सुमारे 19 हर्ट्झच्या वरचा ध्वनी दूर जातो. पाणी 4 मीटरच उरले की ही सीमा 94 हर्ट्झवर चढते आणि 75 हर्ट्झचा सूर बोटीच्या आसपासच विरतो. बुडबुड्यांची किलोहर्ट्झमधली सळसळ मात्र उथळ पाण्यातूनही पुढे जाते. पाण्याची खोली आणि तळाचा प्रकार न नोंदवता हायड्रोफोनने (पाण्याखालच्या ध्वनिग्राहकाने) मोजलेला आकडा त्यामुळे दुसऱ्या ठिकाणच्या अंदाजाला लावता येत नाही.