भिंतीआडची शिकार आणि मोकळ्या रानातली

शिकारीचे दोन प्रकार फार जुन्या काळापासून चालत आले आहेत. एक म्हणजे रानाला भिंत किंवा कुंपण घालायचे, आत जनावरे राखायची आणि मनात येईल तेव्हा शिकार करायची. दुसरी मोकळ्या रानातली. तिथे सावज गाठ पडेल, किंवा दिवसभर पाय तुडवून हात हलवीत परत यावे लागेल. अमेरिकेतील टेक्सासमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत आजही उंच तारकुंपणाआड शिकार चालते, आणि तिला शिकार म्हणावे की नाही, यावर तिकडे वाद होतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची हौस आवरली. तरी हा वाद आपल्याही कामाचा आहे. का, ते चीनच्या इतिहासावरून पाहू.

चीनवर राज्य करणारे मांचू बादशहा मूळचे उत्तरेकडचे. घोडा आणि धनुष्य हेच त्यांचे बळ. त्यांच्यापाशी शिकारीच्या दोन जागा होत्या. पहिली पेकिंगच्या दक्षिणेला, अगदी शहराला लागून. तिचे नाव नानयुआन. तळी, पाणथळ, गवताची कुरणे, आणि सभोवती साठ-सत्तर किलोमीटर भिंत. दरवाजांवर पहारा. सकाळी निघावे, सावज मारावे आणि सुखाने घरी यावे.

दुसरी जागा उत्तरेला, कित्येक दिवसांच्या मजलीवर, मंगोल सरदारांच्या चराऊ मुलखात. खांग्शी बादशहाने १६८१ मध्ये ती शिकारीसाठी राखली. तिचे नाव मुलान. हरणाचा आवाज काढून त्याला जवळ बोलावणे, अशा अर्थाच्या मांचू शब्दावरून ते पडले. नानयुआनसारखी विटांची भिंत इथे नव्हती. ठिकठिकाणी चौक्या होत्या. आत झाड तोडायला आणि चोरून शिकार करायला बंदी होती.

आता बघा, घराशेजारी भरलेले रान असताना हा बादशहा फौज घेऊन डोंगर कशाला चढत होता? शिपाई सुखाला सोकावू नयेत म्हणून. थंडी, उपास, रात्रीचा तळ, हजारो माणसांनी एका इशाऱ्यावर वेढा आवळीत आणणे, ही लढाईचीच तालीम होती. खांग्शी काही दयाळू साधू नव्हे. आपण १३५ वाघ मारले, असे त्याने १७१९ मध्ये स्वतःच सांगितले आहे. पण त्याच्या शिकारीला नियम होता. मुलानचे सुमारे ७० भाग पाडलेले होते. एका वर्षी त्यांतल्या थोड्याच भागांत हाका घालीत, बाकीच्यांना विसावा. आपण एखादे रान पडीक ठेवतो ना, तसेच हे. शिवाय शिकार आटोपली की वेढ्याची एक बाजू उघडून उरलेल्या जनावरांना जाऊ देण्याची रीत होती.

म्हणजे मुलानला भिंत नव्हती, पण शिस्त होती. आणि ती होती तोवर रान टिकले. पुढे पहारा ढिला पडला. लाकूडचोर शिरले, शिकारचोर शिरले. १८०० नंतर च्याछिंग बादशहाला तिथे हरणे मिळेनाशी झाली. १८२० मध्ये तो वारला आणि त्यानंतर बादशाही शिकारीची ती प्रथाच संपली. १८६० नंतरच्या दशकात तिजोरीला पैसा हवा म्हणून ती जमीन कसायला दिली गेली. जंगल तुटले, वाळू उडू लागली. १९६२ पासून त्याच मुलखात सैहानबा येथे माणसांनी पुन्हा हाताने झाडे लावली, तेव्हा कुठे तिथे हिरवे दिसू लागले.

मग भिंतीने काय केले? तिची गोष्ट याहून नवलाची आहे. नानयुआनमध्ये एक वेगळेच हरीण होते. चिनी लोक त्याला ‘चौघांसारखे नसलेले’ म्हणत. खूर गाईसारखे, मान उंटासारखी, शेपूट गाढवासारखे, शिंगे सांबराच्या जातीची, आणि तरी यांपैकी कोणीच नव्हे! पाणथळ जमिनी भातशेतीखाली गेल्या, तसे बाहेरचे हे हरीण जवळजवळ नाहीसेच झाले होते. शिकारीच्या हौसेसाठी बांधलेल्या भिंतीने त्याला जगवले. १८६५ मध्ये आर्माँ डाव्हिड या फ्रेंच पाद्र्याने भिंतीवरून डोकावून ते पाहिले आणि त्याची माहिती युरोपला पोहोचली. काही जिवंत हरणेही तिकडे गेली.

१८९४-९५ च्या सुमारास नदीला पूर आला. भिंत फुटली. हरणे बाहेर पडली, आणि भुकेल्या लोकांनी ती मारून खाल्ली. त्यांना तरी दोष कसा द्यावा? पोटात आग असता सावज कोण सोडतो? जी थोडी उरली, ती १९०० च्या बंडाळीत परकीय फौजांनी संपवली. शेकडो वर्षांची राखण पाच-सहा वर्षांत धुऊन गेली.

पण वंश बुडाला नाही. इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने युरोपातील प्राणिसंग्रहालयांतून १८ हरणे आपल्या वाडीत गोळा केली. त्यांचीच वंशावळ १९८५ मध्ये जुन्या नानयुआनच्या जागी परत आली. पुढे चीनमध्ये आणखी ठिकाणी कळप ठेवले गेले. त्यांतल्या हूपे प्रांतातील कळपाची काही हरणे १९९८ च्या यांगत्सेच्या पुरात कुंपणाबाहेर गेली. या वेळी ती मारली गेली नाहीत. ती रानात राहिली, व्याली, वाढली. एका पुराने जात बुडवली. दुसऱ्या पुराने तिला रान परत दिले.

तर श्रोतेहो, भिंत बरी की मोकळे रान? शिकाऱ्याचे कसब पाहायचे तर मोकळे रान, यात शंका नाही. पण जनावराच्या बाजूने विचारले तर उत्तर निराळे येते. मुलानचे रान पहारा सुटल्यावर गेले, आणि नानयुआनची भिंत एका रात्रीच्या पाण्याने गेली. शेतकऱ्याला हे नवे नाही. कुंपण कितीही भक्कम असो, राखणदार झोपला की पीक गेले; आणि सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवले की एक आग पुरते. शिक्षकांनी हा धडा सांगताना मुलांना एवढेच विचारावे: १८९५ चा पूर आणि १९९८ चा पूर, दोन्ही पाणीच. मग फरक कशाने पडला? पाण्याने नव्हे. बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी.