तीन ओळींत मावलेली माणसे

तारेतला प्रत्येक शब्द पैसे मोजून पाठवावा लागे, तेव्हा आपल्याकडे घरोघरच्या माणसांना शब्द तोलण्याची विद्या आपसूक येई. २०१३ साली सरकारने तार बंद केली आणि ती शाळाही मिटली. पण शब्दांच्या काटकसरीतून वाङ्मय कसे जन्मते हे पाहायचे, तर मला १९०६ सालच्या पॅरिसकडे वळावेसे वाटते.

त्या वर्षी तेथील ‘ल मातँ’ या दैनिकात फेलिक्स फेनेआँ नावाचे गृहस्थ काम करीत होते. पूर्वी ते युद्धखात्यात कारकून होते. १८९४ साली अराजकवाद्यांवरील खटल्यात ते आरोपी म्हणून उभे राहिले आणि निर्दोष सुटले. ठिपक्याठिपक्यांनी चित्र उभारणाऱ्या जॉर्ज सरा या चित्रकाराची थोरवी आरंभीच ओळखणाऱ्यांपैकी ते एक. दैनिकात त्यांच्या वाट्याला आले ते किरकोळ बातम्यांचे सदर : अपघात, आत्महत्या, संप, चोऱ्या. अट एवढीच की प्रत्येक बातमी तीन ओळींत आटोपली पाहिजे. खाली लेखकाचे नाव नाही.

फ्रेंच भाषेत ‘नूव्हेल’ म्हणजे बातमी, आणि ‘नूव्हेल’ म्हणजे लघुकथाही! सदराच्या नावातला हा शब्द फेनेआँनी दोन्ही अर्थांनी खरा केला. माणसाचे नाव, गाव, वय, धंदा हे ते सहसा सोडीत नसत. गाळीत ते हळहळ, उपदेश आणि विशेषणे. वाक्य असे वळवीत की घाव घालणारा शब्द पुष्कळदा अगदी शेवटी यावा. काही महिन्यांत अशा हजारांहून अधिक बातम्या त्यांनी लिहिल्या. एकेक बातमी म्हणजे एकेक ठिपका. सारे मिळून त्या काळचा फ्रान्स डोळ्यांपुढे उभा राहतो.

हे सारे रद्दीतच जायचे. पण त्यांची मैत्रीण कामीय प्लातेल हिने कात्रणे वहीत चिकटवून ठेवली. फेनेआँ १९४४ साली वारले आणि १९४८ साली जाँ पोलाँ यांनी ती ग्रंथरूपाने छापली.

आज शंभर शब्दांच्या कथांच्या स्पर्धा होतात आणि लिहिणारा शेवटच्या कलाटणीमागे धावतो. मला फेनेआँचा धडा निराळा वाटतो. ती तीन ओळींतली माणसे खरोखर जगली होती, खरोखर मेली होती. जागा अपुरी पडली, तर लेखकाने आधी स्वतःचे सुस्कारे गाळावेत. माणसाचे नाव मात्र गाळू नये.