उलटे आटे : अल्लीपूरच्या कोठ्यातली जीप आणि नट-बोल्टांचा इतिहास

आजचा भाग ऐकताना हाताशी पाण्याची बाटली असेल तर तिचं झाकण उघडून बघा. कुठल्या बाजूला फिरवलंत? घड्याळाच्या काट्यांच्या उलट. नट असो, बोल्ट असो, बरणी असो, जगभर असंच. मीही हेच धरून चाललो होतो, आणि त्यापायी माझ्या आबाजींच्या जीपचे दोन स्टड मी तोडले.

गोष्ट अल्लीपूरची आहे. वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका, काळ्या मातीचा आणि कपाशीचा मुलूख. आमच्या घरामागे कोठा आहे. आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. त्यात एका कोपऱ्यात ही जीप वीस-बावीस वर्षं उभी होती. अंगावर कोंबड्या बसायच्या. आबाजींनी ती नागपूरहून जुनी घेतली होती आणि ती मुळात सैन्याच्या लिलावातली, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. मागच्या दिवाळीत चुलतभाऊ म्हणाला, भंगारवाला येतोय, देऊन टाकू. मी नको म्हटलं. शेवटी असं ठरलं की उन्हाळ्यापर्यंत ती स्वतःच्या चाकांवर कोठ्याबाहेर आली तर ठेवायची, नाहीतर वजनाच्या भावानं जाईल.

चाकं जाम होती. म्हणजे आधी ती काढायला हवीत. प्रत्येक चाकाला पाच नट. ट्रॅक्टरच्या पेटीतली १९ ची गोटी लावली, अगदी फिट्ट बसली. उजवीकडची दोन्ही चाकं तासाभरात खाली. मग पुढचं डावं चाक. नट हलेचना. आम्ही गोटीच्या दांड्यात चार फुटांचा पाईप घातला आणि दोघं लटकलो. कट्ट असा आवाज आला. आम्ही खूश! बघतो तर नट गोटीत आणि अर्धा स्टड नटात. गंज फार आहे असं म्हणून दुसऱ्यालाही तेच केलं. तोही गेला. तिसऱ्याला पाईप लावला तेवढ्यात गावातले जुने मिस्त्री काका आवाज ऐकून आत आले.

"थांब बे! तोडून राह्यला तू. डावं चाक हाय नं थे? त्याचे आटे उलटे रायतेत."

त्यांनी तारेच्या ब्रशनं उरलेल्या स्टडचं टोक घासलं. गंजाखालून एक छोटं इंग्रजी अक्षर निघालं : एल. लेफ्ट. पाईप बाजूला ठेवून, थोडं रॉकेल सोडून, काट्यांच्या दिशेनं दाब दिला, म्हणजे एरवी आपण ज्या दिशेला आवळतो त्या दिशेला, आणि नट कुरकुरत सुटला. तो गंजानं अडकलेला नव्हताच फारसा. आम्हीच त्याला जीव खाऊन आवळत होतो.

मला त्या दिवशी लाज वाटली, पण त्याहून जास्त प्रश्न पडला. असं कोणी का करून ठेवलं असेल? आजचा भाग त्या प्रश्नातून निघालाय.

त्या काळच्या इंजिनिअरांचं म्हणणं असं की चाक सतत एका दिशेला फिरतं, त्यामुळे नट हळूहळू ढिले होतात. म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे द्यायचे, म्हणजे चाकाचं फिरणं नटाला सोडवणार नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला असेच आटे होते. नंतर नटाचं शंकूसारखं तोंड चाकाच्या खाचेत नीट बसतं, तेवढं पुरतं असं दिसलं आणि बहुतेक मोटारींनी ही भानगड सोडून दिली. सायकलच्या डाव्या पेडलला मात्र आजही उलटे आटे असतात.

आता दुसरी गंमत. जीपवर १९ ची गोटी बसली, पण तो नट १९ मिलिमीटरचा नाहीच. तो पाऊण इंचाचा आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. मिस्त्री काका त्याला 'सहा सुती' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, चार सूत म्हणजे अर्धा. काकांच्या मापात मिलिमीटर अजून पाहुणाच आहे. इथे नशीब चांगलं, पण प्रत्येक ठिकाणी असं जुळत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७. त्यावर आपण १३ चा पाना लावतो, तो जरासा खेळतो, आणि गंजलेल्या नटावर तेवढा खेळ पुरे होतो. कोपरे घासले जातात, नट गोल होतो आणि मग त्याला पकडायला काहीच उरत नाही. ९/१६ इंचाला तर १४ चा पाना चढतच नाही आणि १५ चा लुळा पडतो.

मग इंच आणि मिलिमीटर एकाच गावात कसे आले? त्यासाठी इंग्लंडला जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेलच असं नाही. जोसेफ व्हिटवर्थ या माणसानं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचा सुवर्णमध्य काढला आणि १८४१ मध्ये एक प्रमाण मांडलं : आट्याचा कोन ५५ अंश. ब्रिटिश रेल्वेनं ते उचललं आणि साम्राज्याबरोबर ते पसरलं. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सनं वेगळं प्रमाण मांडलं, ६० अंशांचं, कारण तो कोन बनवायला आणि तपासायला सोपा. आता अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. व्हिटवर्थच्या बोल्टावर एका इंचात १२ आटे, सेलर्सच्या बोल्टावर १३. डोळ्यांना दोन्ही सारखे. नट दोन-तीन आटे चढतोही. मग अडकतो, आणि तुम्ही म्हणता गंज आहे.

दुसऱ्या महायुद्धात हे फार महाग पडलं. रोल्स-रॉईसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आटे पाडायची हत्यारं तिथे मिळत नव्हती. ती आधी बनवावी लागली, मग इंजिन. युद्धानंतर, १८ नोव्हेंबर १९४८ ला, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एकच आटा मान्य करायच्या करारावर सह्या केल्या. कोन सेलर्सचा, ६० अंश. पण इंच तसाच राहिला.

नुकताच स्वतंत्र झालेला भारत तेव्हा जिथून तंत्रज्ञान मिळेल तिथून घेत होता. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्रानं अमेरिकी विलीस जीप जोडायला सुरुवात केली : अमेरिकी इंच. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर ट्रक काढले : मिलिमीटर. १९५५ पासून मद्रासला बुलेट : ब्रिटिश आटे. पुढे बजाजची व्हेस्पा, इटलीची : परत मिलिमीटर. सरकारनं १९५६ मध्ये दशमान मापांचा कायदा केला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-मीटर आले. बाजारातला शेर गेला. पण गाडीतला बोल्ट कायद्यानं बदलत नाही. तो गाडी जिवंत असेपर्यंत तसाच राहतो. म्हणून मिस्त्री काकांकडे पान्यांची तीन वेगळी बोचकी आहेत, आणि ब्रिटिश बोचक्यातल्या पान्यांवरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. हे त्यांना कोणी शाळेत शिकवलेलं नाही.

आता गंजाकडे येऊ, कारण बाकीच्या जीपमध्ये तो खराखुरा होता. लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा ठासतो. आमच्या काळ्या मातीनं त्याला मदत केली. ती चेसिसच्या कोपऱ्यात बसली की पावसाळ्यानंतरही ओल धरून ठेवते. शिवाय या जीपनं आयुष्यभर खताची पोती वाहिली. खत म्हणजे क्षारच, ते हवेतलं पाणी ओढतं. मागच्या फळीखालचे बोल्ट सगळ्यात वाईट का आहेत, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं : "युरिया खाल्ला यानं."

काकांची पद्धत सावकाश होती. आधी ब्रशनं आटे घासायचे, कारण सोडवताना नट त्याच आट्यांवरून जाणार. मग तेल सोडायचं आणि घरी जायचं. खरंच, घरी जायचं. रात्रभरात तेल फटीत उतरतं. काका डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळायचे. मी नागपूरहून डब्ल्यूडी-४० चा डबा आणला होता. त्याचाही किस्सा आहे : १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीनं ते ओल हटवायला, गंज टाळायला बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या कवचाला ते लावायचे. म्हणजे त्याचा मूळ धंदा ओल पळवण्याचा, जाम नट सोडवण्याचा नव्हे. काकांनी हुंगून बघितलं आणि डबा परत दिला.

दुसऱ्या दिवशी हातोड्यानं नटाच्या चारी बाजूंनी हलके ठोके. गंज भुगा होतो, तेलाला वाट मिळते. मग सहा कोनी गोटी, बारा कोनी नाही, कारण ती कोपऱ्यांवर नाही तर सपाट बाजूंवर जोर देते. आणि आधी किंचित आवळायचं. गंजाची पकड तुटली की पाव फेरी उघडायचं, परत थोडं आवळायचं, परत तेल. सलग जोर लावला तर गंजाचा चुरा पुढच्या आट्यांत साचतो आणि बोल्ट पिळून तुटतो. माझ्या चार फुटांच्या पाईपनं तेच केलं असतं.

तरीही नाहीच सुटला तर आग. नट तापवायचा, बोल्ट नाही. २० मिलिमीटरचं भोक २५० अंशांनी तापलं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या सहापट मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सुटायला ते पुष्कळ असतं. पण ऐका, या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ असते. आम्ही टाकी आगीशिवाय काढली, लांब विहिरीजवळ नेऊन ठेवली, तेव्हाच काकांनी बत्ती पेटवली.

आणि मग एका दुपारी बंपरचा बोल्ट निघाला. डोकं घासलं तर त्यावर तिरपं, वळणदार इंग्रजी एफ. मी रात्री वाचत बसलो. युद्धात एकटी विलीस कंपनी पुरी पडेना म्हणून फोर्डलाही त्याच नमुन्याच्या जीप बनवायला दिल्या. दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त बनवल्या. फोर्डनं आपल्या जीपच्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, स्वतःचा एफ ठोकला. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याचा बराच माल इकडेच विकला गेला.

मला वाटलं, सापडलं! आपली जीप फोर्डची. पण पुढचे चार बोल्ट कोरे निघाले, एकावर दुसरंच चिन्ह. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये चार जीप सोडून त्यातून तीन उभ्या करायचे, कोणाचा बोल्ट कोणाला. एका एफवरून मी काहीही सिद्ध करू शकत नाही. आपल्या जिल्ह्यात पुलगावला सैन्याचा दारूगोळ्याचा डेपो आहे, म्हणून ती तिथलीच असेल असं एका नातेवाइकांनी ठोकून दिलं. त्यालाही काही आधार नाही. पण तो बोल्ट तापवून, छन्नीनं फोडून काढला असता तर हा प्रश्नसुद्धा पडला नसता. आता प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहून मी लोणच्याच्या बरण्यांत ठेवतोय. आई वैतागलीये.

जीप गुढीपाडव्याच्या आधी कोठ्याबाहेर आली. इंजिन बंदच आहे, सहा जणांनी ढकलली, पण अट स्वतःच्या चाकांची होती. मी तोडलेल्या दोन स्टडचं काय झालं? उलट्या आट्यांचे स्टड मिळाले नाहीत. हिंगणघाटच्या लेथवाल्याकडून त्या चाकाचे पाचही स्टड काढून सरळ आट्यांचे बसवले. म्हणजे आता पुढच्या डाव्या चाकाला सरळ आटे आणि मागच्या डाव्याला उलटे. पुढे कोणी पाईप घेऊन येईल म्हणून मी दोन्ही चाकांवर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलंय : 'सरळ' आणि 'उलटे'.

मिस्त्री काकांनी बघितलं आणि म्हणाले, "बाण काढ बाबू. वाचते कोन?"

बाण काढलेत. भेटू पुढच्या भागात.