कौफमान, वॉल्टर
(१ एप्रिल १९०७–९ सप्टेंबर १९८४). मध्य यूरोपीय ज्यू संगीतरचनाकार, वाद्यवृंदसंचालक व संगीतशास्त्रज्ञ. जर्मनीतील नाझी राजवटीमुळे निर्वासित झालेल्या या कलावंताची १९३४ ते १९४६ ही बारा वर्षे मुंबईत गेली. मोजक्या वादकांनी लहान दालनात सादर करावयाच्या पाश्चात्त्य संगीतास, म्हणजेच कक्षसंगीतास, मुंबईत नियमित व्यासपीठ मिळाले ते मुख्यत्वे त्याच्या खटपटीमुळे.

त्याचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील कार्ल्सबाट (विद्यमान कार्लोव्ही व्हारी, झेक प्रजासत्ताक) येथे झाला. बर्लिन येथे फ्रांट्स श्रेकर याच्याकडे त्याने संगीतरचनेचे शिक्षण घेतले, तर कुर्ट झाक्सच्या सहवासात त्याला पौर्वात्य संगीताची ओळख झाली. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने गुस्टाफ मालरच्या सिंफनींवर प्रबंध लिहिला. परंतु आपले मार्गदर्शक प्राध्यापक गुस्टाफ बेकिंग हे नाझी युवक संघटनेचे स्थानिक नेते आहेत, असे कळताच त्याने डॉक्टरेट स्वीकारण्याचे नाकारले. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर ज्यू कलावंतांना जर्मनीत काम मिळणे दुरापास्त झाले. मुंबईच का, या प्रश्नावर तेथला व्हिसा सहज मिळाला, एवढेच साधे उत्तर त्याने दिले. त्याची पत्नी गेर्टी ही कादंबरीकार फ्रांट्स काफ्काची भाची होय.

मुंबईत निर्वासितांच्या साहाय्यार्थ स्थानिक ज्यूंनी १९३४ मध्ये एक मदत संघटना स्थापन केली होती. येणारा मनुष्य सरकारवर भार होणार नाही, याची हमी कोणीतरी घ्यावी लागे. कौफमान मात्र आल्याबरोबर कामास लागला आणि त्याच वर्षी त्याने ‘बाँबे चेंबर म्यूझिक सोसायटी’ स्थापिली. तीत व्हायोलिनवर मेहली मेहता (१९०८–२००२), चेलोवर इटालियन वादक एजिदिओ वेर्गा आणि पियानोवर स्वतः कौफमान असे वादक असत. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम होई. मे १९३७ पर्यंत अशा कार्यक्रमांची संख्या १३६ झाली होती. शहरातील पाश्चात्त्य संगीताचा श्रोतृवर्ग तेव्हा यूरोपीय, पारशी व गोमंतकीय ख्रिस्ती समाजापुरताच मर्यादित होता, हे लक्षात घेता ही संख्या लहान म्हणता येणार नाही.

कक्षसंगीतातील सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे तंतुवाद्य-चतुष्टय. त्यात दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो अशी चार वाद्ये असतात. संचालक नसल्याने प्रत्येकास इतर तिघांचे ऐकूनच वाजवावे लागते. मैफलीतील साथसंगत ऐकणाऱ्यास हे तत्त्व अगदीच परके वाटू नये. कौफमानने मुंबईच्या वास्तव्यात अशी अनेक चतुष्टये रचली. भारतीय स्वरावलींचा त्यांत वापर आहे. पण ती भारतीय रागांची यूरोपीय नक्कल नव्हे. चतुष्टयाची परंपरा मेहता यांनीही पुढे चालविली. त्यांनी १९४० मध्ये ‘बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट’ स्थापन केले. विख्यात वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र.

भारतीय संगीत प्रथम ऐकले तेव्हा कौफमानला ते अनाकलनीय वाटले. तथापि ज्या संगीतावर इतकी माणसे प्रेम करतात, ते आपल्यास कळत नसेल तर उणीव आपलीच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या काळच्या कित्येक यूरोपीय लेखकांनी भारतीय संगीताला एकसुरी ठरवून विषय संपविला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या भूमिकेचे महत्त्व कळते. ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ (१९६८) आणि ‘द रागाज ऑफ साउथ इंडिया’ (१९७६) हे त्याचे ग्रंथ याच अभ्यासातून सिद्ध झाले.

ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर १९३७ ते १९४६ या काळात तो यूरोपीय संगीत विभागाचा संचालक होता. ‘अनसूया’ (१९३८) हे नभोवाणीसाठी रचलेले त्याचे संगीतनाट्य. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही त्याने संगीत दिले. कार्यक्रमांच्या प्रारंभी वाजणारी, तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर व्हायोलिनने छेडलेली आकाशवाणीची सुपरिचित धून १९३६ मधील असून तीही त्याचीच मानली जाते. तीत शिवरंजनी रागाची छाया जाणवते. धुनेचे श्रेय इतर काही संगीतकारांनाही दिले जाते. मात्र बहुसंख्य अभ्यासकांचा कौल कौफमानच्या बाजूने आहे. व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याची समजूत आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांची पहाट या सुरांनी उजाडली, त्यांतील फारच थोड्यांना रचनाकाराचे नाव ठाऊक होते.

ऑक्टोबर १९३८ मध्ये कार्ल्सबाट जर्मनीस जोडले गेले आणि परतीचा मार्ग बंद झाला. मुंबईतील तात्पुरता मुक्काम अशा रीतीने लांबत गेला. युद्धानंतर, १९४६ मध्ये, तो इंग्लंडला आणि तेथून पुढच्या वर्षी कॅनडातील हॅलिफॅक्सला गेला. विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचा तो १९४८ पासून सुमारे दशकभर संचालक होता. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९५७ मध्ये त्याची संगीतशास्त्राच्या अध्यापनासाठी नियुक्ती झाली. ब्लूमिंग्टन येथे त्याचे निधन झाले.

त्याची हस्तलिखिते इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत. टोराँटोच्या ‘आर्क एन्सेंबल’ने सातव्या व अकराव्या चतुष्टयांसह त्याच्या काही कक्षरचनांचे ध्वनिमुद्रण २०२० मध्ये प्रकाशित केले.