चेहरा तेवढा आला नाही

आजोबांचा शेवटचा फोटो आमच्याकडे ६४० बाय ४८० एवढ्याच आकारात आहे. २००७ साली ताईच्या लग्नात बाबांनी काढलेला. कार्यालयात मागच्या बाजूला खुर्चीवर आजोबा बसलेत, डोक्यावर फेटा, मुठीत अक्षता. फेटा ओळखू येतो. चेहऱ्यावर मात्र कुणी रंगीत रवा सांडलाय असं वाटतं.

पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. कार्यालय तेच. ‘तू कॉम्प्युटरवाला, कॅमेऱ्याचं तू बघ,’ असं घरात परस्पर ठरलं. फोटो चांगले यायला हवेत आणि अमेरिकेतल्या ताईला लगेच दिसायलाही हवेत. तीन संध्याकाळी मी कॅमेऱ्यांचे तुलना-तक्ते बघत बसलो. मग कंटाळून ते बंद केले आणि त्या जुन्या फोटोचं नेमकं काय बिघडलं होतं, याच्या मागे लागलो. त्या नादात थेट १९७५ पर्यंत पोचलो.

त्या वर्षी डिसेंबरात कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला. वजन साडेतीन किलोच्या वर, भिंग सुपर-८ चित्रपट-कॅमेऱ्याचं, फोटो कृष्णधवल. १०० बाय १००, म्हणजे फक्त दहा हजार ठिपके. फोटो टिपला जायचा क्षणार्धात, पण तो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. पहिला फोटो काढला प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंचा. टीव्हीच्या पडद्यावर केस उमटले, मागची भिंत उमटली आणि चेहऱ्याच्या जागी नुसती मुंग्यांची गर्दी! ‘अजून काम करायला हवं’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणून बाई निघून गेल्या. मग तारांचा क्रम बदलल्यावर चेहरा आला. (कोडॅकचं पुढे काय झालं, ही गोष्ट मॅनेजमेंटच्या वर्गात इतक्यांदा सांगतात, की मी सोडून देतो.)

वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. पाव मेगापिक्सेल, फ्लॅश नाही. पण पाठीवर छोटा रंगीत पडदा. माझ्या मते समारंभातल्या फोटोचा इतिहास इथे वळला. ‘बघू, कसा आलाय’ म्हणत माणसं फोटो काढणाऱ्याभोवती गोळा व्हायची ती या पडद्यामुळे. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात फिलिप कान यांनी असाच एक कॅसिओ, लॅपटॉप आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडून आपल्या नवजात मुलीचा फोटो प्रसूतिगृहातूनच दोन हजारांहून अधिक लोकांपर्यंत पोचवला. फोटो जेमतेम ३२० बाय २४०. कुणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. बाळ दिसत होतं.

पण हा सगळा इतिहास वेगाचा. उजेडाचा वेगळा.

बाबांनी कॅमेरा घेतला तेव्हा मी सहावीत होतो आणि दुकानात एकच भाषा चालायची : पाच मेगापिक्सेल, सात मेगापिक्सेल. बाबांनी सातचा घेतला. त्याच २००७ साली कॅननचा खिशात मावणारा जी-९ आणि निकॉनचा धिप्पाड डी-३ असे दोन कॅमेरे बाजारात आले. दोन्ही १२ मेगापिक्सेल. पण डी-३ च्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे वीसपट. पाऊस तोच आणि भांड्यांची संख्याही तीच, फक्त एकाकडे घंगाळं आणि दुसऱ्याकडे वाट्या. ट्यूबलाइटच्या उजेडात वाट्यांत फार काही जमत नाही. जे जमतं ते कॅमेरा ताणून मोठं करतो आणि त्यासोबत रवाही मोठा होतो. फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरचा. आजोबा त्याच्या पलीकडे बसले होते.

उरलेलं नुकसान आम्ही हौसेनं केलं. आमचं इंटरनेट २५६ केबीपीएसचं. तीन एमबीचा एक फोटो चढवायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागे आणि फोटो होते चारशे. म्हणून सगळे ६४० बाय ४८० करून एका संकेतस्थळावर टाकले. सात मेगापिक्सेलमधले शंभरातले चारच ठिपके उरले. पुढे हार्डडिस्क गेली, मूळ फोटो गेले. संकेतस्थळही बंद पडलं. वाटण्यासाठी केलेली प्रत मामीच्या मेलमध्ये सापडली, तीच आता मूळ.

शेवटी मी जुना निकॉन डी-७५० घेतला, सेकंडहँड. २०१४ सालचं मॉडेल आहे, तक्त्यांत आता कुठेच नसतं. सेन्सर डी-३ एवढाच मोठा, सोबत ५० मिमी, एफ १.८ चं स्वस्त भिंग. कार्डं दोन बसतात : एकावर रॉ फाइल, दुसऱ्यावर जेपेग. वायफायवरून जेपेग फोनवर घ्यायचे आणि ताईला पाठवायचे. रॉ फाइलला हात लावायचा नाही.

काल रात्री स्वयंपाकघरातल्या एकाच दिव्यात आजीचा फोटो काढून बघितला, फ्लॅश न वापरता. मग पडद्यावर मोठा करून तिला दाखवला. तिनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“अरे, एवढ्या सुरकुत्या कशाला? ताईला बारीकच पाठव.”