फेज कॉन्स्टंटचे आकाशातले पूर्वज

सरल आवर्त गतीच्या समीकरणात आयाम आणि वारंवारता चटकन कळतात. विद्यार्थी अडखळतो तो कंसात शेवटी मिळवलेल्या ‘फाय’ या फेज कॉन्स्टंटपाशी. वस्तू किती लांब जाते, किती वेगाने झुलते, यातलं काहीच फाय सांगत नाही. आपण वेळ मोजायला लागलो त्या क्षणी ती आवर्तनात कुठवर आली होती, एवढंच तो सांगतो. आणि अशा आकड्याची गरज लंबकाच्या कितीतरी आधी ग्रहगणितवाल्यांना पडली होती.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ग्रहांच्या गणिताचा आरंभ इ.स.पू. 747 मध्ये, बाबिलोनच्या नबोनस्सर राजाच्या काळात धरला. आपल्याकडे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’साठी शके 1442, म्हणजे इ.स. 1520 धरलं. त्या आरंभी प्रत्येक ग्रह राशिचक्रात जिथे होता, तो आकडा म्हणजे त्याचा क्षेपक. गती ठाऊक, गेलेले दिवस ठाऊक, तरी क्षेपक मिळवल्याशिवाय ग्रह सापडत नाही. आरंभ दुसरा धरला की क्षेपक बदलतो, ग्रहाची चाल तीच राहते. फायचा सारा स्वभाव इथे आलाच.

वर्तुळावर एकसमान वेगाने फिरणाऱ्या बिंदूची व्यासावरची सावली मागेपुढे होते, तीच सरल आवर्त गती. म्हणून ग्रहाचा आरंभीचा कोन दोलकालाही लागू पडला. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) आणि पीटर टेट यांनी 1867 च्या ग्रंथात खगोलशास्त्रातला ‘एपॉक’ हा शब्द आरंभीच्या या कोनासाठी सरल आवर्त गतीच्या व्याख्यांत घेतला.

थॉमसन यांनी पुढे भरती-ओहोटीचंही अशाच सरल आवर्त घटकांत पृथक्करण केलं. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य घटकाचा आवर्तकाळ सगळ्या बंदरांत एकच, सुमारे 12 तास 25 मिनिटं. आयाम आणि एपॉक मात्र बंदरागणिक वेगळे, कारण समुद्राची खोली आणि किनाऱ्याचा आकार पाण्याला कमीजास्त उशीर लावतात. एकट्या दोलकाचा फाय घड्याळ योग्य क्षणी सुरू करून शून्य करता येतो. दोन बंदरांमधला फरक तसा घालवता येत नाही. मुंबईचा एपॉक मुंबईच्याच धक्क्यावर पाण्याची पातळी नोंदवून काढावा लागतो.